जवळचं म्हणजे किती जवळचं? नागपुरातल्या शाकाहारी ताटाचा हिशोब

मागच्या हिवाळ्यात इतवारीत तूरडाळ घेताना मी दुकानदाराला विचारलं, "भाऊ, ही तूर कुठली?" त्यानं पोत्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "इथलीच आहे ताई, कळमन्याच्या मिलची." मिल कळमन्याची, हे खरंच होतं. पण तूर कुठल्या शेतातली, हे त्यालाही माहीत नव्हतं. भारत दरवर्षी म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतून तूर आणतो. ती जहाजानं बंदरावर उतरते, डाळ मिलमध्ये भरडली जाते आणि आपल्या वरणात येते. त्याच दिवसांत उमरेडच्या रस्त्यानं निघालं तर दोन्ही बाजूंना कपाशीच्या मधोमध तुरीची तासं शेंगांनी वाकलेली दिसतात.

आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी ठरलं की रोजच्या जेवणातून मांस काढायचं आणि जमेल तेवढं जवळचं खायचं. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात की नेमकं काय करता, आणि त्यानं फरक काय पडतो. या विषयात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, आणि मग माणूस चुकीच्या जागी मेहनत करतो. म्हणून जरा सुटं सुटं करून सांगते.

आधी काय खातो ते, मग कुठलं

बहुतेकांना वाटतं की अन्नामुळे होणारं प्रदूषण म्हणजे ट्रकचा धूर. लांबून आलं की वाईट, जवळून आलं की चांगलं. हे अर्धंच बरोबर आहे. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात जगभरातल्या सुमारे ३८,००० शेतांची माहिती होती. त्यातून दिसलं की बहुतेक पदार्थांच्या बाबतीत वाहतुकीचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत असतो. उरलेलं सगळं शेतात आणि गोठ्यात घडतं: जनावराच्या पोटातला मिथेन, खत, चारा, जमीन.

त्याच अभ्यासातले जागतिक सरासरीचे आकडे असे. एक किलो मेंढी-बकऱ्याच्या मटणामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. कोंबडीच्या मांसामागे सुमारे १०, अंड्यांमागे साडेचार ते पाच, दुधामागे तीन आणि वाटाण्यासारख्या कडधान्यामागे एक किलोच्या आसपास. आता हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडचा बोकड बोरी-बाभळीचा पाला खाऊन वाढतो, त्याच्यासाठी कोणी जंगल तोडून चारा पेरत नाही. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतोच, मग ते कुठंही चरो. त्यामुळे अंतर थोडं कमी होईल, पण मटण वर आणि तूर खाली हा क्रम बदलत नाही.

ट्रकचाही हिशोब करून बघू. एक टन माल एक किलोमीटर न्यायला ट्रक साधारण १०० ते २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. नाशिकहून नागपूर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास धरा. पाच किलो भाजीच्या वाट्याला येतो जेमतेम अर्धा किलो. तीच पाच किलो भाजी "थेट शेतकऱ्याकडून" आणायला आपण एकटे पेट्रोलच्या गाडीनं दहा किलोमीटर गेलो आणि आलो, तर अडीच किलोच्या आसपास जातं. मी स्वतः हे करत होते. दर रविवारी शहराबाहेर जाऊन भाजी आणायची आणि फार चांगलं काम केल्याचं समाधान मानायचं. हिशोब मांडल्यावर ते थांबवलं. आता बुधवारी बाजारात चालत जाते.

विमानानं येणारा माल मात्र वेगळा. जहाजापेक्षा विमान साधारण पन्नास पट जास्त उत्सर्जन करतं. परदेशी बेरी किंवा अ‍ॅस्परॅगस यांसारखी नाजूक फळं-भाज्या अशा येतात. आपल्या रोजच्या थाळीत त्यांची गरजही नाही.

मांस सोडल्यावर घरोघरी जे होतं ते आमच्याकडेही झालं: पनीर वाढलं. एक किलो पनीरला गाईचं पाच-सहा लिटर दूध लागतं. दुधाचा आकडा तीन धरला तर पनीर पंधरा किलोच्या वर जातं, म्हणजे कोंबडीच्याही पुढे. पाहुण्यांसाठी, सणाला ठीक आहे. पण चिकनच्या जागी रोज पनीर टाकून काही साधत नाही. चिकनच्या जागी पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, डाळकांदा, बरबटी (चवळी), सोलेवांगे (तुरीचे ओले दाणे घातलेली वांगी) आले तर साधतं.

मग जवळचं कशासाठी?

डिझेल एवढं कमी जात असेल तर मोझांबिकची तूर खाल्ली काय आणि भिवापूरची खाल्ली काय? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माझ्यापुरतं त्याचं उत्तर शेतात सापडलं.

विदर्भातली बरीचशी शेती कोरडवाहू. एके काळी इथं खरिपात ज्वारी, कपाशी, तूर, मूग, उडीद, तीळ असं मिसळून पेरत. ज्वारीचं दाणं माणसाला, कडबा बैलांना. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात, तिचा पाला गळून मातीत मिसळतो, आणि तिच्या तुराट्या चुलीला होतात. कपाशीला कीड लागली तर ज्वारी हाती यायची, ज्वारी बसली तर तूर. मग सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक, हमखास खरेदीदार, लगेच पैसा. शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. पण ज्वारी मागे गेली, तिच्यासोबत कडबा गेला, आणि कडब्याअभावी गोठ्यातली जनावरं कमी झाली.

उमरेडकडच्या एका शेतकरी काकांनी मला एक गोष्ट सांगितली ती विसरत नाही. "ज्वारी पेरावं वाटते, पण एकट्यानं पेरून काय फायदा? गावभरची पाखरं माह्याच वावरात येते." शिवारात सगळ्यांची ज्वारी असते तेव्हा पाखरांचं नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. एकट्याचाच तुकडा असला की पाखरं आणि रानडुकरं मिळून त्याचा फडशा पाडतात. म्हणजे एखादं पीक मागे हटायला लागलं की उरलेल्यांनाही ते टिकवणं अवघड होत जातं. आणि ते परत यायचं तर एका शेतकऱ्याच्या हिमतीवर येत नाही. गावात दहा जणांनी पेरलं आणि शहरात शंभर घरांनी ते विकत घेतलं तरच येतं.

सोयाबीनचं पुढं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. त्याचं तेल काढतात, आणि उरलेली पेंड मोठ्या प्रमाणात कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ब्रॉयलर कोंबडीचं एक किलो वजन वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं, मुख्यतः मका आणि सोयापेंड. त्यामुळे आपण चिकन खातो तेव्हाही आपल्याच शिवारातलं पीक खात असतो, फक्त मधे एक पायरी जास्त आणि दाण्यांचं नुकसान बरंच. जवळचं खाणं आणि मांस कमी करणं हे दोन धागे इथं एकमेकांत गुंततात. ज्वारी, तूर, जवस, बरबटी थेट ताटात आली तर त्यांना शेतात जागा मिळते.

आता "जवळचं" म्हणजे किती? शंभर मैलांची वर्तुळं वगैरे आखायची गरज नाही. नागपूर देशाच्या मध्यावर, राज्याच्या काठावर आहे. छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर, पण मध्य प्रदेशात. नाशिक आपल्या राज्यात, पण पाचपट लांब. आपल्या कॉटन मार्केटात छिंदवाड्याकडची फुलकोबी आणि टमाटर येतात, ते माझ्या दृष्टीनं जवळचेच. आलू बहुतेक उत्तर प्रदेशातून येतो, तो मी सोडला नाही, कमी केला. खोबरं, दगडफूल, चहा, मिरे हे नागपुरात पिकत नाहीत आणि त्यांच्याशिवाय आमच्या घरचा रस्सा होत नाही. चिमूटभर मसाल्यासाठी जीव टांगणीला लावू नये. धान्य, डाळ, तेल आणि भाजी या चार गोष्टी जवळच्या झाल्या की वजनानं ताटाचा बहुतेक भाग झाला.

यातली सगळ्यात लांबची गोष्ट असते तेल, आणि तिच्याकडेच आपलं लक्ष नसतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलकडून. बाजारातला चिवडा, फरसाण, बिस्किटं यांत पाम तेल सर्रास असतं. घरच्या फोडणीला आम्ही घाण्यावरचं फल्ली (शेंगदाणा) तेल घेतो. महाग पडतं, म्हणून तळण कमी झालं. त्या दोन्ही गोष्टी एकत्रच परवडतात.

जवस तर आपलं हक्काचं. आमच्या आजीच्या घरी जवसाचं तेल जेवणात असायचं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ गटातल्या स्निग्ध आम्लाचा असतो. मासे न खाणाऱ्याला याचं मोल आहे. त्याच कारणानं ते लवकर खवट होतं, म्हणून थोडं थोडं आणावं. अख्खे दाणे चावले गेले नाहीत तर पोटातून तसेच बाहेर पडतात. ते मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लाल मिरची, लसूण, मीठ घालून जाडसर कुटायचे. भाकरीवर ही चटणी आणि वरून कच्च्या तेलाची धार, एवढं असलं की मला दुसरं कालवण लागत नाही.

तांदळाबद्दल थोडं. भातखाचरात पाणी साचलेलं असतं, त्यामुळे मातीत मिथेन तयार होतो. किलोमागे साधारण साडेचार किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन, म्हणजे धान्यांमध्ये तांदळाचा आकडा मोठाच आहे. आमच्या घरी दोन्ही वेळा भात असायचा, आता एकदाच असतो आणि रात्री भाकरी. पण जो घेतो तो पूर्व विदर्भातला: भंडाऱ्याचा चिन्नोर किंवा एचएमटी. एचएमटी हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बियाणं त्यांनी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला दिलं. २०१८ मध्ये ते गेले. नागपुरातल्या किती घरांत रोज त्यांच्या निवडीचा भात शिजतो आणि किती जणांना त्यांचं नाव माहीत असतं, याचं मला वाईट वाटतं.

ऋतू हा सगळ्यात सोपा निकष

दुकानदाराला गाव विचारून दरवेळी उत्तर मिळत नाही. भाजीचा ऋतू ओळखता आला तर बराचसा प्रश्न आपोआप सुटतो, कारण हंगामात ती जवळच पिकते, शीतगृह लागत नाही आणि स्वस्त असते.

पहिल्या पावसानंतर तरोट्याची कोवळी पानं, मग काटवलं, वास्ते (बांबूचे कोंब), आंबाडी. आंबाडी ज्वारीच्या कण्या घालून शिजवावी. हिवाळा म्हणजे चैन: पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर) इतका की सांभारवडीसाठी जुड्याच्या जुड्या आणाव्या, आणि तुरीचे सोले. काटोल-नरखेडकडची संत्री आंबिया बहाराची असली तर दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. सोलेभात वर्षातून पाच-सहा आठवडेच होतो, आणि त्याची वाट बघण्यात मजा आहे.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. पारा पंचेचाळीसला टेकतो, पालेभाजी सुकते, जी येते ती लांबून आणि महाग. तेव्हा चिवळ येते. जमिनीलगत पसरणारी, बारीक रसरशीत पानांची, किंचित आंबट. पहिल्यांदा आणली तेव्हा मी अर्धा तास नुसती निवडत बसले होते. काड्या दोऱ्यासारख्या, मुळाशी मातीचे गोळे, आणि पानं इतकी लहान की बोटांत धरता येत नाहीत. पाच पाण्यांतून काढली तरी सहाव्यात तळाशी रेती होती. बाजारातल्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मुळं आधी कापून टाकाव अन् मग पाण्यात सोडाव, वरच्यावर काढाव. ढवळाव नाही, रेती खाली बसते." तसं केलं, तीन पाण्यांत निघाली. मुगाची डाळ भिजवून, लसणाची फोडणी देऊन दहा मिनिटांत भाजी झाली.

उन्हाळ्याचा दुसरा आधार वाळवणाचा. मुंगवड्या, कोहळ्याच्या वड्या, वाळवलेली मेथी. आपल्या आया-आज्यांनी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात गच्चीवर जे केलं ते भाजी नसलेल्या दोन महिन्यांसाठीचं नियोजन होतं. मुंगवड्या रश्शात टाकल्या की त्यात डाळही आली आणि भाजीही.

एक सावधगिरी. जुनं आणि स्थानिक म्हणून सगळं डोळे मिटून खाऊ नये. भंडारा-गोंदियाकडे भात कापायच्या आधी उभ्या पिकातच लाखोळीचं (लाख डाळीचं) बी फेकतात. बांधीतल्या ओलाव्यावर ती वाढते, खत-पाणी लागत नाही. शेतीच्या नजरेतून फार गुणी पीक. पण तिच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असतं, आणि दुष्काळात महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न झाली तेव्हा लोकांचे पाय कायमचे लुळे पडल्याची उदाहरणं आहेत. १९६१ मध्ये देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे रतन, प्रतीक असे कमी विषाचे वाण निघाले. माझं मत असं की रोजची डाळ म्हणून लाखोळी करू नये.

ताकद येईल ना?

मांस सोडलं म्हणताच घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दिवसभरात ज्वारी-गहू-तांदूळ मिळून पाव किलो धान्य (साधारण २५ ग्रॅम प्रथिनं), ८० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य (१७-१८), मूठभर फल्लीदाणे (६) आणि एक मोठी वाटी दही किंवा पेलाभर दूध (८) झालं की गरज भागते. वनस्पतीतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून जरा वरचढच ठेवावं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं ते डाळीत भरपूर, आणि डाळीत मेथिओनिन कमी ते धान्यात मिळतं. वरण-भात आणि चून-भाकर (पिठलं-भाकरी) या जोड्या त्यामुळेच पुरतात. मात्र ८० ग्रॅम डाळ म्हणजे पळीभर पातळ वरण नव्हे. घट्ट वरण, शिवाय एक उसळ किंवा झुणका, एवढं हवं.

लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळावं, आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं. बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्यायला हवी. ते भाज्या-डाळींत नसतंच. दूध-दह्यातून काही मिळतं, ते सगळ्यांना पुरतं असं नाही; दूधही सोडणाऱ्यांना गोळी लागतेच. हातापायाला मुंग्या आणि सतत थकवा मी उन्हाच्या नावावर खपवत होते. तपासणी केली तर बी-१२ फार खाली होतं. वर्षातून एकदा रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घेणं, यात काही कमीपणा नाही.

घरात आणि दारात

आमच्याकडे हे सगळ्यांनी एकदम स्वीकारलं नाही. सासरे झणझणीत सावजी मटणाचे शौकीन. त्यांना कोणी "सोडा" म्हटलं नाही. पाटोडीचा रस्सा त्याच काळ्या मसाल्याचा, तितकाच झणझणीत, ज्वारीचं पीठ लावून दाट केलेला केला, तेव्हा ते दोन वेळा वाढून घेऊन जेवले. बाहेर महिन्यातून एकदा मटण खातात, तो त्यांचा निर्णय.

आणि हे स्पष्ट म्हणायचंच आहे: आपल्या समाजात शाकाहाराला सोवळ्याचा वास चिकटलेला आहे. ताटात काय आहे त्यावरून माणसाला भाड्यानं घर नाकारलं जातं. माझ्या ताटाचा त्याच्याशी संबंध नाही आणि मी तो जोडू देणार नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासे धरून जगणारा ढिवर, घरामागच्या चार कोंबड्यांची अंडी पोरांना देणारी आई, हे माझ्यापेक्षा कितीतरी जवळचं आणि कमी ओझ्याचं खातात. बदल ज्यांना परवडतो, ज्यांच्याकडे आठवड्यातून चार वेळा चिकन येतं आणि रोज बिस्किटाचा पुडा फुटतो, त्यांच्याकडून व्हायला हवा. त्यात मी होते.

तुरीचा प्रश्न आम्ही असा सोडवला. त्याच उमरेडकडच्या काकांकडून यंदा जानेवारीत तीन घरांनी मिळून एक क्विंटल अख्खी तूर घेतली, त्यांना बाजारभावापेक्षा थोडं जास्त देऊन. ते दुसऱ्या कामासाठी नागपूरला येणारच होते, त्यांच्याच गाडीत पोती आली. तुरीला तेलपाण्याचा हात लावून गच्चीवर चांगली ऊन दिली आणि मग भरडून आणली. डाळ जरा मळकट दिसते, पॉलिश नाही. शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात. आता ती कडूलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरली आहे, आणि काकांनी पुढच्या खरिपात अर्धा एकर ज्वारी पेरायची तयारी दाखवली आहे, शेजारच्या दोघांनी पेरली तर.